घमेल्यातलं गवत

आमच्या अंगणात, न्हाणीच्या मागे, तीन हात लांब आणि दोन हात रुंद असा गवताचा एक तुकडा आहे. बाकीचं अंगण शेणानं सारवलेलं असतं. त्या तुकड्याला मात्र आम्ही हात लावत नाही. तिथे कुसळी वाढते, मारवेल वाढतो, पावसाळ्यात कमरेपर्यंत येतो आणि दिवाळीनंतर वाळून पिवळा पडतो. शेजारच्या काकू वर्षातून एकदा तरी कुंपणावरून माझ्या बायकोला विचारतात, "काय व, ढोरं तं नाईत तुमच्याइथं. मंग हा चारा कोनासाठी राखून राह्यली?"

"जावयासाठी," बायको म्हणते.

आम्हाला मुलगी नाही, हे काकूंना ठाऊक आहे. त्याही हसतात आणि विषय संपतो. खरं कारण सांगायचं तर फार मागून सुरुवात करावी लागेल, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. म्हणून कुणाला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो.

बायकोचं माहेर आमच्या धामणगाव बढ्यापासून दीड कोसावर नदीकाठी होतं. चाळीस-बेचाळीस घरांचं गाव. आज त्या जागी धरणाचं पाणी आहे. गाव आणि नदी यांच्यामध्ये गावाचं कुरण होतं, बावीस एकर. त्यात कुणी नांगर घालत नसे, आणि दिवाळीपर्यंत गुरंही सोडत नसत. गवत पिकलं की वाटे पाडून कापायचं, अशी वहिवाट होती. या कुरणात भादव्यात एक फूल येई. झाड वीत-दीड वीत उंच, पानं शेपूसारखी बारीक चिरलेली. फूल अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं, पाच पाकळ्यांची वाटी, रंग गुलाबी पण जांभळ्याकडे झुकणारा. एकच झाड पाहिलं तर त्यात विशेष काही नाही. पण बांधावर उभं राहिलं की गवताच्या शेंड्यांखाली जिथपर्यंत नजर जाई तिथपर्यंत तो रंग दिसे. पुस्तकात त्याचं काय नाव आहे ते मला माहीत नाही. गावात त्याला भुलाबाईचं फूल म्हणत.

भुलाबाई म्हणजे माहेरपणाला आलेली पार्वती. भादव्याच्या पौर्णिमेला पोरी मातीची भुलाबाई आणि तिच्या शेजारी भुलोजी, म्हणजे शंकर, बसवतात. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी म्हणतात आणि झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर सगळीकडेच असतं. बायकोच्या माहेरी त्या पाचही धांड्यांना कुरणातलं हे फूल बांधत. ते रोज नवं आणावं लागे, कारण खुडलेलं फूल दुसऱ्या दिवशी काळं पडतं. नुसतं कोमेजत नाही, जळाल्यासारखं काळं होतं. त्यामुळे ते वाळवून ठेवता येत नाही, वहीत दाबून ठेवता येत नाही. असलं तर जिवंत, नाहीतर काळं.

लग्नानंतरही बायको दर वर्षी भुलाबाईला माहेरी जाई. आई-वडील गेले तरी तिचं जाणं थांबलं नाही. थोरला भाऊ तिथे होता, आणि त्याच्या दारातून कुरण दिसे.

धरणाची भिंत चढू लागली तेव्हा भावानं मोबदल्याच्या पैशात जळगाव जामोदच्या बाजूला जमीन पाहिली. ते सांगायला तो आमच्याकडे आला होता. किती एकर, विहीर किती परस खोल, पाणी किती, हे सगळं मी विचारून घेतलं. बायको चुलीपाशी बसून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "दादा, कुरनाचं काय होईन?"

"पान्यात जाईन. दुसरं काय होईन?"

"सारंच?"

"अवं, घरं जाऊन राह्यली, देऊळ जाऊन राह्यलं, अन् तुले गवताची पडली?"

तिनं चुलीतली लाकडं मागे ओढली. भाऊ गेल्यावर ताटं उचलताना मला म्हणाली, "एक झाड जरी आपल्या अंगनात लागलं ना, तं मी भुलाबाई इथीच बसवीन. मंग माहेर गेलं तं जाऊ द्या."

मी म्हणालो, "लागन. रानात आपोआप येते, तं अंगनात काऊन नाई येनार?"

हे मी तिचं समाधान करायला म्हटलं नव्हतं. मला तसंच वाटत होतं. मी कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर कामाला आहे. वजन, उतारा, घट हा माझा रोजचा धंदा. बी किती पेरलं, उगवलं किती, हातात किती आलं, एवढं पाहिलं की कुठे चुकलं ते सापडतं, असा माझा अनुभव होता. पाणी अडवायला अजून दोन पावसाळे होते. दोन पावसाळ्यांत एक रानफूल लागणार नाही, असं मानायला मला काही कारण दिसत नव्हतं.

त्या भादव्यात आम्ही दोघं जाऊन कुरणातून बारा झाडं खणून आणली. प्रत्येक झाडाभोवती वीतभर माती ठेवली. मात्र त्या मातीत कुसळीची मुळं गुंतलेली होती. घरी कशाला गवत न्यायचं, म्हणून मी बांधावर बसून एकेक काडी सोडवून टाकली. ओल्या गोणपाटात गुंडाळून झाडं बैलगाडीतून आणली, ऊन उतरल्यावर लावली, वरून सावलीला पळसाची पानं घातली. सकाळी बाराही झाडांनी माना टाकल्या होत्या. आणखी एका दिवसात ती काळी झाली. मला वाटलं, मुळं दुखावली. पुन्हा गेलो, या वेळी दुप्पट मातीसकट आठ झाडं आणली. गवत याही वेळी सोडवलं, फक्त जास्त हळू हातानं. तीही गेली.

मग बियाण्याचा मार्ग धरला. कार्तिकात बोंडं वाळली तेव्हा रुमालभर आणली. बी इतकं बारीक की श्वासानं उडावं. एका बोंडातलं बी मी कागदावर पसरून सुईच्या टोकानं मोजायला बसलो, आणि दोनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. म्हणजे बियाण्याची कमतरता नव्हती. राखेत घालून शिशीत भरलं, मुंग्या लागू नयेत म्हणून शिशी दोरीनं आढ्याला टांगली.

पुढच्या मृगात वाफा केला. चाळलेली माती, चाळलेलं शेणखत, निम्मं निम्मं. बी वाळूत कालवून वरच्यावर टाकलं, कारण एवढं बारीक बी बोटभर खाली गेलं तर वर येत नाही. पहिल्या फेरीचं बी एका जोराच्या सरीनं वाहून नेलं. दुसऱ्या फेरीला वाफ्यावर तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, आडव्या घातल्या. कडेनं मुंग्यांसाठी राख ओढली. या वेळी उगवलं, आणि दाट उगवलं. तीनशेच्या वर रोपं मी मोजली. बायको रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभी राही.

आता राहिलं निंदण. आमच्या भागात शेताची अब्रू निंदणावर असते. ज्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण दिसलं त्याला लोक हसतात. मी तर मोजूनमापून जगणारा माणूस. खुरपं घेऊन रोज बसायचो आणि गवताचा कोंब दिसला की मुळासकट काढायचो.

"पऱ्हाटी निंदून राह्यले का दागिने पुसून राह्यले?" बायको म्हणायची.

"तुह्या भुलाबाईचेच दागिने आहेत."

"मंग जरा जपून. नथ तुटन."

रोपं बोटाच्या पेराएवढी झाली आणि तिथेच थांबली. चार पानांवर पाचवं आलं नाही. मग ती पिवळी पडू लागली, कडेची आधी, मधली नंतर. मी पाणी कमी केलं, मग वाढवलं. पोळ्यापर्यंत वाफ्यात एकही रोप उरलं नाही. तीनशेपैकी शून्य. असा उतारा मी काट्यावर कधी पाहिला नव्हता.

भाऊ म्हणाला, "कुरनाले कोन शेनखत टाकते, जवाईबापू? माजून मेलं असन." मला ते पटलं.

त्या वर्षी गावात शेवटची भुलाबाई बसली. निम्म्या घरांची छपरं उतरवलेली होती, बरीच माणसं निघून गेली होती. बायको आठ दिवस राहून आली. मी तिला आणायला गेलो तेव्हा मखर फुलांनी भरलेलं होतं आणि गाणी म्हणायला पाच-सहा जणीच होत्या. कुरण मात्र नेहमीसारखंच फुललं होतं. त्यातून जाताना ती माझ्यापुढे चालत होती आणि लुगडं वर धरून पाय जपून टाकत होती.

आदल्या वर्षीप्रमाणे कार्तिकात बी आणायचं, असं मी ठरवलं होतं. पण गवत पाण्यात जाण्यापेक्षा निदान वैरण होईल, म्हणून गावानं कुरण महिनाभर आधीच कापलं. बोंडं हिरवी होती. मी गेलो तेव्हा सगळीकडे खुंट उरले होते. विळा जिथे पोचला नव्हता अशा नाल्याच्या काठावर पिकलेली बोंडं सापडली, एकूण एकोणीस. बायको म्हणाली होती, "तिथली माती तरी आना." म्हणून एक पोतं माती भरून आणली. नंतर भाऊ बिऱ्हाड घेऊन जळगाव जामोदकडे गेला.

पुढच्या पावसाळ्यात पाणी अडवायचं होतं. बियाण्याचे दोन भाग केले. एक भाग वाफ्यात पेरला, या वेळी खताचा कणही न घालता. दुसरा भाग एका तळ गंजलेल्या घमेल्यात कुरणाची माती भरून तीत टाकला. दोन्ही ठिकाणी उगवण झाली. वाफ्याचं निंदण मी सुरू केलं. घमेल्याकडे वळणार तेवढ्यात मला मुदतीचा ताप आला आणि मी अंथरुणाला खिळलो. श्रावण त्यातच गेला. बायको माझ्याजवळ होती, अंगणाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. त्याच महिन्यात गावात पाणी शिरल्याचं कळलं. सांगायला आलेला माणूस दारातूनच तिला म्हणाला, "देवळाचा कळस दिसते अजून." ती "बरं" म्हणाली आणि माझ्यासाठी पेज आणायला आत गेली.

उठून चालू लागलो तेव्हा आधी वाफा पाहिला. वाफ्यात नवं तण फुटू लागलं होतं, रोप एकही नव्हतं. मग घमेल्याकडे गेलो. त्यात वीतभर गवत माजलं होतं, मातीबरोबर आलेल्या मुळांतून फुटलेलं. आणि त्या गवताच्या मधोमध एक झाड उभं होतं, शेपूसारख्या पानांचं. शेंड्याला चार कळ्या होत्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या.

मी तिला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली. खूप वेळ वाकून पाहत राहिली. हात लावला नाही. मग म्हणाली, "आलं की वो." आणि पदरानं डोळे पुसले, तर गालाला पीठ लागलं.

हे झाड का जगलं, याचा मी हिशेब मांडला. खत नाही, कुरणाची माती आहे, घमेल्याचा तळ फुटका आहे म्हणून पाणी साचत नाही. तीन कारणं मिळाली आणि माझं समाधान झालं. गवत मला दिसत होतं, पण माझ्या हिशेबात ते आलंच नाही.

पौर्णिमेला आता थोडेच दिवस उरले होते. आमच्या घरी पहिल्यांदाच भुलाबाई बसणार होती. तिनं माती कालवून भुलाबाई केली, भुलोजी केला, त्याच्या फेट्याला चुना लावला. भावाला निरोप पाठवला की पौर्णिमेला या. शेजारच्या पोरींना सांगून ठेवलं. काकू येऊन झाड पाहून गेल्या आणि म्हणाल्या, "एवढ्याशा झाडासाठी दोन वर्सं? याच्यापेक्षा झेंडू लावला असता तं गावाले पुरला असता."

"झेंडू कुटंही भेटते, काकू," ती म्हणाली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिनं घर झाडून काढलं, अंगण सारवलं. मला अजून अशक्तपणा होता, पण मी त्या दिवशी तापानंतर पहिल्यांदाच जिनात जाऊन आलो होतो. परत आलो तर अंगण ओलं होतं, सारवणाचा वास येत होता. घमेलं तिनं दारासमोर आणून ठेवलं होतं. त्यातलं गवत गेलं होतं. मधे ते एकच झाड होतं, भोवती भुसभुशीत केलेली माती, कडेला गेरूची रेघ.

"तुमी आजारी होते," ती म्हणाली. "म्या म्हनलं, तुमचं निंदन राह्यलं. सारं मुयासकट काढलं. एक काडी नाई ठेवली."

मी पाहिलं. खरंच एकही काडी नव्हती. मी शिकवलं होतं तसंच, झाडाला धक्का न लावता, बोटांनी माती उकरून प्रत्येक मूळ तिनं ओढून काढलं होतं. माझ्याहून सफाईदार काम होतं. मी म्हणालो, "झकास."

दुसऱ्या दिवशी सकाळी झाड झुकलं होतं. आम्ही पाणी घातलं, सावलीत ठेवलं. दुपारी कळ्या खाली लोंबल्या. एकीची पाकळी किंचित उमलली होती, तेवढाच रंग दिसला. त्या दिवशीच पौर्णिमा होती. भाऊ बसनं आला, येताना टोपलीभर झेंडू घेऊन आला. पोरी आल्या. तिनं भुलाबाई बसवली, पाच धांड्यांचं मखर बांधलं आणि त्याला झेंडू लावले. पोरींना फरक कळायचं कारण नव्हतं. त्यांनी गाणी म्हटली, खिरापत ओळखली, खाल्ली आणि गेल्या. भाऊ म्हणाला, "छान झालं, बाई." ती म्हणाली, "हाव."

पानांची टोकं काळी पडली तेव्हा मी झाड मातीतून काढलं. कुठे किडा आहे का, मूळ सडलं आहे का, ते बघायचं होतं. किडा नव्हता, सडलेलं नव्हतं. मुळं आखूड होती आणि त्यांना बारीक गाठी होत्या, मोहरीपेक्षाही लहान. प्रत्येक गाठीला दुसऱ्याच एका मुळाचा तुटका तुकडा चिकटलेला होता, पांढरा, गवताच्या मुळाचा. मी तो ओढून पाहिला. तो सुटेना. गाठीतच रुतलेला होता.

ती माझ्या खांद्यावरून पाहत होती. मी काही सांगण्याआधीच तिनं ते झाड माझ्या हातातून घेतलं आणि उजेडात धरलं.

"हे गवताले धरून होतं," ती म्हणाली.

"हाव."

"गवताचंच खात होतं."

"तसंच दिसते."

"मंग म्याच मारलं."

"तुले निंदन कोनं शिकवलं?" मी म्हणालो. "वीस झाडं म्या मारली, तीनशे रोपं म्या मारली. तुही तं एकच."

आकडे खरे होते. पण तिचं एकच झाड शेवटचं होतं, हे दोघांनाही कळत होतं.

तिनं उपटून टाकलेलं गवत उकिरड्यावर होतं. मी ते शोधून आणलं. अर्धं वाळलं होतं. न्हाणीच्या मागे जागा उकरून तिथे लावलं आणि घमेल्यातली सगळी माती वर पसरली. पेरलेलं सगळंच बी काही उगवलं नसणार, काही तरी मातीत पडून असेल, असा माझा अंदाज होता. गवत लागलं. गवताला कुणाची मदत लागत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं तेव्हा आम्ही धरणावर गेलो. कुरणाच्या जागी तडे गेलेला गाळ होता आणि लोकांनी त्यात टरबुजाचे वेल लावले होते. भावाच्या घराच्या जोत्याचे दगड दिसत होते. ती तिथे थोडा वेळ बसली. येताना एका वेलवाल्यानं आम्हाला टरबूज दिलं. ते गोड होतं.

त्यानंतरच्या प्रत्येक भादव्यात मी न्हाणीमागचं गवत हातानं बाजूला सारून बघत आलो. आधी ती बरोबर यायची. मग दारातून विचारायची. आता विचारत नाही. मी आत आलो की माझ्या तोंडाकडे बघते आणि पुन्हा आपल्या कामाला लागते. बारीक बी मातीत किती वर्षं टिकतं हे मला माहीत नाही. जेवढी टिकायची तेवढी होऊन गेली असावीत, असं मला वाटतं. भुलाबाई ती दर वर्षी बसवते, झेंडू लावते. भावाचं येणं कमी झालं आहे. बस दोनदा बदलावी लागते.

यंदा पोळा झाल्यावर काकूंची गाय व्याली आणि त्यांच्याकडे हिरवा चारा नव्हता. मी जिनातून आलो तर बायको कुंपणापाशी उभी होती आणि गवताचा भारा वरून पलीकडे देत होती.

"काऊन व?" काकू विचारत होत्या. "जावयासाठी होतं ना?"

"नाई आला जावाई," ती म्हणाली. "घ्या तुमी. गाईले तं होईन."

मी चपला काढल्या. हातपाय धुवायला गेलो आणि न्हाणीच्या मागे जाऊन पाहिलं. तुकडा रिकामा दिसत होता, तीन हात लांब, दोन हात रुंद. तिनं गवत विळ्यानं कापलं होतं, जमिनीपासून चार बोटं वर. सगळे खुंट जागच्या जागी होते. एक काडी उपटलेली नव्हती.